जहुराबीच्या परसातला पलम

चौलात जहुराबीला कुणी "बिचारी" म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. नवरा बारा वर्षं परदेशी, पोटची पोर तापाच्या साथीत गेलेली, सासू अंथरुणाला खिळलेली. एवढं सगळं पाहून बायका हळहळायला येत, आणि जहुराबी त्यांच्या हातात झाडू देऊन म्हणे, "एवढा कळवळा आलाय तर अंगण झाडून जा."

तिचं लग्न झालं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. नवरा नुरुद्दीन आगबोटीवर कामाला. पुढे तो खलाशांचा मुकादम झाला, म्हणजे सारंग झाला, आणि गाव त्याला सारंगच म्हणू लागलं. दोन-अडीच वर्षांनी एकदा यायचा, महिनाभर गावभर मिरवायचा, आणि जायचा. त्यातच सुगरा झाली. जहुराबीनं तिच्या जन्माच्या पावसाळ्यात परसात जांभळाचं रोप लावलं. मग १९१२ साली सारंग गेला तो आलाच नाही. पत्र यायचं वर्षातून एखादं: बोटीवर काम फार आहे, सुटी मिळत नाही, आईची तब्येत सांभाळ. दहा वर्षं आणि वर दोन, जहुराबीनं त्याच्या आईची तब्येत सांभाळली. नारळ पाडून घेतले, सुपारी वाळवली, रेवदंड्याच्या बाजारात स्वतः बसून केळी विकली. जांभूळ फळाला आलं तेव्हा खाली चादर धरून जांभळं झेलली, पानं घातलेल्या टोपल्यांत भरली आणि रेवसच्या बोटीनं मुंबईला धाडली.

ते जांभूळ पहिल्यांदा फळलं, त्याच्या आदल्या वर्षी सुगरा गेली. १९१८ ची तापाची साथ. अकरा वर्षांची पोर बारा दिवस तापात होती. सारंगाला कळवलं, त्याचं उत्तर चार महिन्यांनी आलं. चार ओळींचं. शेवटी लिहिलं होतं, अल्लाची मर्जी. जहुराबीनं ते पत्र वाचून घेतलं, घडी घातली आणि चुलीत टाकलं.

सासू १९२४ साली वारली. मरण्यापूर्वी तिनं एक शहाणपणाची गोष्ट केली होती. तलाठ्याला घरी बोलावून घर आणि वाडी सुनेच्या नावावर करून दिली. "माझा लेक येईल," ती म्हणाली होती, "आणि आला तर विकायलाच येईल."

तो आला त्याच वर्षी, ऐन श्रावणात. अंगात कोट, डोक्यावर फेल्ट हॅट, मागे हमालाच्या डोक्यावर लोखंडी ट्रंक. आणि स्वतःच्या काखेत, पोरासारखं जपून धरलेलं, ओल्या गोणपाटाचं एक लांबट गाठोडं. जहुराबीला वाटलं काहीतरी मोलाचं आणलं असेल. गाठोडं सोडलं तर आत चार काटक्या.

"प्लम," तो म्हणाला. "केप टाऊनच्या एका साहेबाच्या बागेतली कलमं आहेत. तुम्ही लोकांनी जन्मात बघितलं नसेल असं फळ. मुठीएवढं, लालबुंद, आणि आत मध."

"आलुबुखार का?" शेजारची ठमाबाई कुंपणावरून वाकून म्हणाली. तिनं मुंबईला वाळवलेलं बघितलं होतं.

"आलुबुखार म्हणजे सुकलेलं मढं. हे जिवंत फळ आहे."

आईच्या कबरीवर जाण्याआधी त्यानं ती चार कलमं लावली. वाडी बायकोच्या नावावर आहे हे त्याला तिसऱ्या दिवशी कळलं. तेव्हा तो तासभर ओरडला, मग दोन दिवस जेवला नाही, मग जेवला. विकून परत जाण्याचा बेत फसला. परत कुठे जायचं होतं हे मात्र त्यानं सांगितलं नाही, आणि जहुराबीनं विचारलं नाही. जो माणूस पोर मेल्यावर चार ओळी लिहितो, तो कुठे जातो याच्याशी तिला काही घेणं नव्हतं.

दिवाळीपर्यंत तीन कलमं वाळली. चौथं वरून काळं पडलं, पण एके दिवशी अगदी मातीलगत त्याला हिरवा कोंब फुटला. सारंगाला असा आनंद झाला की त्यानं मशिदीबाहेर उभं राहून सगळ्यांना सांगितलं. त्या दिवसापासून गावानं त्याला "पलम सारंग" नाव दिलं. त्याला वाटे, हा मान आहे.

दोन वर्षांत पलम कमरेएवढा झाला आणि सारंगाला एक नवा शोध लागला. जांभळाची सावली पलमावर पडते. जहुराबीनं स्पष्ट सांगितलं, "ते सुगराचं झाड हाय. त्याला हात लावायचा न्हाय."

"झाड म्हणजे झाड," सारंग म्हणाला. "आणि जांभूळ हे काय फळ आहे? जीभ जांभळी करून घ्यायची आणि रस्त्यावर थुंकत फिरायचं. गुरांचं खाणं."

वैशाखात एका बाजाराच्या दिवशी जहुराबी रेवदंड्याहून परतली, तेव्हा जांभूळ परसात आडवं पडलेलं होतं. फांदी फांदीला हिरवी फळं लगडलेली. महिन्याभरात पिकली असती. मोरू लाकूडतोड्या कुऱ्हाड बाजूला ठेवून खाली मान घालून बसला होता. "सारंगांनी सांगितलं, तुम्ही हो म्हणालात," तो पुटपुटला.

जहुराबी रडली नाही. तिनं डोक्यावरची पाटी उतरवली, मोरूला पाणी दिलं, आणि म्हणाली, "लाकडं नीट रचून ठेव. जळण व्हईल."

त्या दिवसापासून ती नवऱ्याशी बोलेनाशी झाली. घर एक, चूल एक. भाकरी वेळेवर मिळे, कपडे धुतलेले मिळत. पण जे सांगायचं ते ती कोंबड्यांना सांगे. "सारंगाला म्हणावं, जेवण वाढलंय." "सारंगाला म्हणावं, विहिरीचा रहाट कुरकुरतोय." घरात दुसरं माणूस नसायचं. सारंग आधी चिडला, मग त्याला सवय झाली. आपली बायको गावंढळ आहे, तिला चार मुलुख पाहिलेल्या माणसाची किंमत नाही, असं तो ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. आत चुलीपाशी जहुराबी ऐकायची. चार मुलुख पाहून या माणसानं आणलं काय, तर एक काटकी आणि एक हॅट. हॅटला वाळवी लागली होती.

पलम वाढत होता यात शंका नव्हती. पण त्याला फूल येईना. १९२८ गेलं, २९ गेलं. वर त्याला काटे यायला लागले, बोटभर लांब. "तिकडच्या झाडांना लहानपणी काटे असतात," सारंग म्हणाला. "मग गळून पडतात." काटे गळाले नाहीत. ठमाबाईच्या शेळीनं एकदा तोंड घातलं आणि ती ओरडत पळाली. तेव्हापासून शेळ्याही त्या बाजूला फिरकत नसत.

मग त्याच्या डोक्यात आलं की झाडाला थंडी कमी पडते. केपला हिवाळ्यात हाडं गोठतात, तेव्हा कुठे झाडाला फूल धरतं. म्हणून पौषात त्यानं मुंबईहून बर्फ मागवला. भुश्यात घातलेली लादी पोत्यात बांधून बोटीनं रेवसला, तिथून बैलगाडीनं चौलला. वाटेत बैल पाण्यासाठी थांबले, गाडीवान चहासाठी थांबला. घरी पोचला तो ओला भुसा आणि नारळाएवढा बर्फाचा खडा. सारंगानं तो खडा दोन्ही हातांनी नेऊन पलमाच्या बुंध्याशी ठेवला आणि वर गोणपाट घातलं.

ठमाबाई कुंपणापाशी आली. "अगो जहुरे, झाडाला ताप आलाय का?"

जहुराबी अशी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. कित्येक वर्षांनी ती तशी हसली होती. सारंग वळून बघत राहिला. त्याचे ओले हात लाल झाले होते. त्याला वाईट वाटलं, हे तिला दिसलं. ती आणखी हसली.

असं चालू राहिलं. मोरू कधी म्हणे, "भाबी, सांगा, एका घावात पाडतो." जहुराबी नाही म्हणे. सारंग रोज सकाळी कमरेवर हात ठेवून त्या काटेरी झुडपासमोर उभा राही, पानं उलटून बघे, कळी शोधे. तिच्या लेखी तेवढी शिक्षा बरी होती, आणि ती त्यानं स्वतःच्या हातानं लावली होती.

१९३५ च्या जानेवारीत, दुपारी, घरासमोर टांगा थांबला. सारंग रेवदंड्याला गेला होता. टांग्यातून एक तरुण उतरला आणि त्याच्यामागून एक मुलगी. अंगात झगा, वर ओढणी, पायात बूट. तरुणानं सलाम केला. "मी रफिक. माझे आजोबा रेवदंड्याचे. आम्ही केप टाऊनहून आलो. नुरुद्दीन सारंगांचं घर हेच ना?"

"व्हय. ते बाहेर गेलेत. काय काम हाय?"

रफिक घुटमळला. मुलगी पुढे आली. तिचं बोलणं आपल्याच वळणाचं होतं, पण जुनं आणि अडखळतं, जणू कुणा म्हाताऱ्याकडून शिकलेलं. "मी फिरोजा. रफिकची बायको. आणि त्यांची मुलगी."

जहुराबीनं तिच्याकडे नीट पाहिलं. कपाळ सासूचं होतं, जसंच्या तसं. सुगराचंही तसंच होतं.

"वय किती तुझं?"

"बावीस चालू आहे."

जहुराबीनं हिशेब केला, त्याला वेळ लागला नाही. तिला राग आला का, तर नाही. तिला वाटलं, हे असंच असणार होतं. एवढा मोठा माणूस, चार मुलुख पाहिलेला, आणि त्याचं गुपित इतकं साधं. कुठलाही खलाशी करतो तेच. "आत या," ती म्हणाली. "उन्हातून आलात."

तिनं पाणी दिलं, शहाळी सोलून दिली. फिरोजाला जहुराबी कोण हे ठाऊक नव्हतं. ती तिला बापाची बहीण समजत होती. रफिकला ठाऊक असावं, कारण तो सारखा जमिनीकडे बघत होता. शेवटी जहुराबीनंच सांगितलं, "मी बायको हाय त्याची. तुझ्या आईच्या आधीची." फिरोजाच्या हातातलं शहाळं तसंच राहिलं. ती उठायला लागली. "बस," जहुराबी म्हणाली. "तू काय केलंस त्यात? खाली बस आणि पाणी पी."

मग फिरोजा बोलायला लागली. तिची आई तिकडचीच, मलायी मुसलमानांतली. दोन वर्षांपूर्वी वारली. बाप एका वर्षात येतो म्हणून गेला होता. दोन वर्षं पत्रं आली, मग बंद झाली. तिकडचा कायदा असा की तीन वर्षं बाहेर राहिलं की परत उतरायचा परवाना बाद. "मला वाटलं मेले असतील. रफिकच्या आजोबांनी सांगितलं, जिवंत आहेत, चौलात झाड लावून बसलेत."

"बघायचंय झाड?"

परसात जाताना फिरोजा आपल्या घरची बाग सांगत होती. घरामागे सहा प्लम, तिच्या आईच्या माहेरचे. बागेत कुणी साहेब नव्हता. फळ सुपारीएवढं झालं की निम्मं खुडून टाकायचं, तरच उरलेलं पोसतं. पिकलं की देठासकट काढायचं, बोटांनी चोळायचं नाही, वरची पांढरी भुकटी निघाली तर गिऱ्हाईक घेत नाही. पसरट खोक्यात एकच थर लावायचा. "मी पाच वर्षांची असताना पहिल्यांदा फळं काढली. त्याच वर्षी तापाची साथ आली होती. मी मरतच होते. बाबा दहा दिवस माझ्या उशाशी बसून होते, कामावर गेले नाहीत. ओल्या फडक्यानं अंग पुसायचे. मी बरी झाले, आणि मग नाताळात प्लम पिकले, तर त्यांनी मला खांद्यावर घेतलं, म्हणाले, वरची तू काढ."

जहुराबी चालता चालता थांबली.

"कुठलं साल?"

"अठरा."

म्हणजे त्याला जमत होतं. उशाशी बसायला, फडकं पिळायला, रात्र काढायला. आजवर तिला वाटायचं की या माणसात ती जागाच रिकामी आहे, आणि रिकाम्या भांड्यावर किती चिडणार? पण जागा होती. भरलेली होती. ती दुसरीकडे सांडली. त्या क्षणापर्यंत ती त्याला हसत होती. त्या क्षणी तिला त्याची किळस आली.

फिरोजा झाडापुढे उभी होती आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. तिनं पान चुरगळून वास घेतला, काट्याला बोट लावलं. मग गुडघ्यावर बसून कोयता मागितला आणि बुंध्याची माती उकरली. मातीलगत अंगठ्याएवढा काळा, वठलेला खुंट होता. त्याच्या खालून, मुळातून, हे सगळं झाड वर आलेलं.

"हा खुंट म्हणजे आमचा प्लम," ती म्हणाली. "कलम मेलंय. हे खालचं रानटी झाड आहे. कलम बांधायला मुळं म्हणून घेतात ते. आमच्याकडे असा कोंब दिसला की त्याच दिवशी कापून टाकतात."

"फळ?"

"आलंच तर बोराएवढं. तोंडात धरवणार नाही."

मागे पायरीवर सारंग उभा होता. कधी आला होता कोण जाणे. रफिकनं सलाम केला, त्याला उत्तर मिळालं नाही. सारंग फिरोजाकडे बघत होता आणि त्याचं तोंड उघडं होतं. तो "बेटा" म्हणाला. मग त्याची नजर उकरलेल्या मातीवर गेली आणि, खरं सांगायचं तर, अकरा वर्षांनी भेटलेल्या मुलीला तो पुढचं वाक्य हे बोलला: "मुळं उघडी का केलीस? तुला काय कळतं त्यातलं? लहान होतीस तू."

फिरोजा उठली. हात झटकले. "तुम्ही गेल्यावर अकरा वर्षं झाडं मीच राखली, बाबा. आईच्या आजारपणात पण. हे प्लम नाही. तुम्हाला ओळखता आलं नाही, कारण तुम्ही फक्त खायला यायचात."

सारंगानं जहुराबीकडे पाहिलं. बहुधा आधारासाठी, सवयीनं. आणि जहुराबी नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी थेट बोलली. आवाज चढवला नाही.

"सुगरा बारा दिवस तापात होती. मी एकटी होते तिच्यापाशी."

तो पायरीवर खाली बसला आणि बुटाची नाडी सोडायला लागला. ती सुटेना.

पाहुणे आठ दिवस राहिले. फिरोजा स्वयंपाकघरातच असायची. तांदळाची भाकरी थापायला शिकली, ती फाटायची, दोघी हसायच्या. जहुराबीला ती खाला, म्हणजे मावशी, म्हणू लागली. एकदा भाकरी उलटताना तिनं विचारलं, "खाला, तुम्हाला माहीत होतं याला फळ येणार नाही. मग इतकी वर्षं तोडलं का नाही?"

"त्याला रोज तिथं उभा बघायला बरं वाटायचं मला."

फिरोजानं भाकरी तव्यावरून काढली. "म्हणजे तुमची वर्षं पण त्यात गेली," ती म्हणाली. जहुराबीला हे आवडलं नाही. पण तिनं ते परतवलं नाही, आणि पाहुणे गेल्यावरही ते तिच्या मनातून गेलं नाही.

निघायच्या दिवशी सारंगानं ट्रंक भरून ओटीवर आणून ठेवली. कोट घातला होता. "मी येतो तुमच्याबरोबर," तो म्हणाला. "तिकडे माझं घर आहे."

"कायदा तुम्हाला उतरू देणार नाही," रफिक सौम्यपणे म्हणाला.

"आणि कायद्यानं उतरू दिलं," फिरोजा म्हणाली, "तरी घर आईचं होतं." तिनं जहुराबीला मिठी मारली, बापाला सलाम केला आणि टांग्यात बसली. टांगा रेवसच्या रस्त्याला लागला तरी सारंग ट्रंकेवर बसून होता. दुपारी जहुराबीनं त्याला सांगितलं, "ट्रंक आत घ्या. वाटेत हाय." त्यानं आत घेतली.

आता ती बोलत होती त्याच्याशी, पण त्यात माया नव्हती. कोंबड्यांना निरोप सांगायचा तिला कंटाळा आला होता, एवढंच. सारंगानं झाडाला पाणी घालणं बंद केलं. पुढच्या वैशाखात जहुराबीनं मोरूला बोलावून ते तोडवलं आणि काटेरी फांद्या केळीच्या कुंपणाला लावल्या. शेळ्या आत येईनाशा झाल्या. अकरा वर्षांत त्या झाडाचा तेवढा एकच उपयोग झाला.

१९३८ च्या पावसाळ्यात सारंग हिवतापानं आजारी पडला. जहुराबी त्याच्यापाशी बसली. ओलं फडकं ठेवलं, काढा पाजला, घाण काढली. ठमाबाई म्हणाली, "किती करतेस गो." जहुराबी म्हणाली, "मला करता येतं. त्याला बी येत होतं." नवव्या दिवशी सकाळी तो गेला.

फिरोजाला कळवायचं म्हणून तिनं शाळेतल्या शिवदास मास्तरांना बोलावलं. मराठी पत्र रफिक वाचू शके. मास्तर भला माणूस. त्यांनी दौत ठेवली, टाक बुडवला आणि म्हणाले, "तुझे पूज्य वडील शांतपणे पैगंबरवासी झाले, असं घालतो."

"गेला, असं घाला. शांतपणे न्हाय. ओरडत होता."

मास्तरांनी खोडलं. "अखेरपर्यंत तुझी आठवण काढत होते, हे तरी असू दे. मुलीला बरं वाटेल."

"आठवण न्हाय काढली. बोटीवरच्या खलाशांना शिव्या देत होता, दोर ओढा म्हणत होता. तेच लिहा."

"जहुराबाई, असं कुणी लिहितं का?"

"ती त्याला ओळखते, मास्तर. खोटं लिहिलं तर म्हणंल, खालानं दुसऱ्याच कुणाचं पत्र धाडलं."

मास्तरांनी नाइलाजानं तसं लिहिलं. मग तिनं सांगितलं ते त्यांनी न अडखळता उतरवलं. घर शाकारलं आहे. यंदा सुपारी चांगली आहे. तुला मूल होणार असं रफिकनं कळवलं, तर पहिले तीन महिने जड उचलू नकोस, आणि मूल चालायला लागलं की घेऊन ये, उन्हाळ्यात नको, थंडीत ये. एवढं झाल्यावर मास्तरांनी पत्र तिच्यापुढे सरकवलं. जहुराबीनं अंगठा शाईत बुडवून कागदावर दाबला, नीट उठला का ते वाकून पाहिलं, आणि बोट लुगड्याला पुसत ती मास्तरांसाठी चहा टाकायला आत गेली.